जुन्या फांदीवरचे डोळे

घड्याळजी दूध घेऊन फाटकातून आत शिरले आणि जागच्या जागी थिजले. कुंपणालगतची हायड्रेंजियाची सातही बुटकी झुडपं पार बुंध्यापर्यंत छाटलेली! फांद्या मातीत पडलेल्या, प्रत्येकीच्या शेंड्याला वाटाण्याएवढा टपोरा डोळा, यंदाच्या फुलाचा. म्हणजे यंदा एकही फूल नाही.

फुलांचं जाऊ द्या हो, ती काय पुढच्या वर्षी येतील! घड्याळजींना भीती वाटली ती वेगळीच. या झुडपांना जुन्या फांदीवरच फूल येतं, थंडीत चुकूनही कात्री लावू नका, असं अख्ख्या गल्लीला बजावणारी त्यांची बायकोच. तीस वर्षं रोपवाटिकेत काढलेली बाई. आणि छाटणी बघावी तर प्रत्येक काप सुरेख तिरका, तिच्याच हातचा.

सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग रोजचा रस्ता चुकणं, आणि शेवटी पोटच्या लेकीला, "तू कोण गं?"

घड्याळजी स्वयंपाकघरात आले. "अगं, आज झाडांकडे गेली होतीस का?"

"नाही बाई," ती पाठमोरीच म्हणाली. "का हो?"

"सहज."

तिला कुठलं राहवतंय! हात पुसत ती बाहेर गेली आणि किंचाळलीच. "कुणा मेल्याने कात्री चालवली?"

"मी," मागून येणारे घड्याळजी बोलून गेले. "फार माजली होती, म्हणून जरा..."

आता आपली धडगत नाही, म्हणून त्यांनी मान खाली घातली. पण ती पायरीवर टेकली.

"खरंच तुम्ही?"

"तुझी शपथ."

"सुटले गं बाई!" तिला रडूच फुटलं. "अहो, मघापासून जीव मुठीत धरून बसलेय. माझ्या चपला चिखलाने भरलेल्या, आणि अंगणात गेल्याचं काही केल्या आठवेना. म्हटलं, आईसारखं मलाही..."

"छे! चपला मीच घातल्या होत्या. घाईत."

"माझ्या? अक्कल गहाण टाकलीत की काय!" रडता रडता ती हसायला लागली. घड्याळजीही हसले, तिच्याहून मोठ्याने.

दूध तापवायला ती आत गेली, तसे ते भिंतीला धरून खाली बसले. आणि ही भीती बोलून दाखवायला त्यांना तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.