रक्ताचा निकाल

रक्ताचा निकाल लागला त्या दिवशी आनंदाबाईनं अर्ध्या गावाशी भांडण केलं, आणि उरलेल्या अर्ध्याशी केलं नाही ते फक्त ते लोक शेतात होते म्हणून.

साल अठ्ठ्याहत्तर. गाव अल्लीपूरपासून दीड कोसावर. पोळा होऊन गेलेला, कपाशीची पऱ्हाटी कंबरेला लागलेली, चार दिवस उघाड पडली म्हणून निंदणाची घाई. पंधरा दिवसांपूर्वी मोठ्या दवाखान्याची जीप चिखलात फसत फसत आली होती. एका डॉक्टरीनबाईनं मारोतीच्या पारावर बसून साऱ्या गावाची बोटं टोचली. रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर घ्यायचा आणि तो डाग लाल रंगांच्या एका पट्टीशी जुळवायचा. पट्टीवर गडद लालापाशी शंभर, मग नव्वद, ऐंशी, असं उतरत उतरत पार फिक्क्या गुलाबीपाशी दहा. बाईनं आकडे वहीत लिहिले आणि जीप गेली.

आज बाई परत आली होती आणि एकेकाचं नाव घेऊन टक्के वाचत होती. सत्तरच्या खाली म्हणजे रक्त कमी, असं तिनं आधीच सांगितलं. आता टक्के म्हटलं की आमच्या लोकांना एकच गोष्ट माहीत, शाळा. झालं! गावानं ठरवून टाकलं की ही परीक्षा आहे.

"सत्तराले पास?" बकऱ्या चारणारा तानबा ओरडला. "शाळेत पस्तिसाले पास करते अन् इथं सत्तराले? लय कडक परीक्षा हाय बाप्पा!"

आणि नेमका तोच नव्वद टक्क्यांवर पहिला आला. चौथीत तीनदा नापास झालेला गडी, पारावर चढून नाचायलाच लागला. सरपंच बापूरावांना निघाले साठ. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "डाव्या हाताचं घेतलं होतं तुमी," ते बाईंना म्हणाले, "उजव्याचं घ्या. मी सहीबी उजव्यानंच करतो." लोक हसून हसून बेजार.

आनंदाबाईच्या घरचा निकाल असा लागला: नवरा महादेवराव ऐंशी, पोरगा रूपराव नव्वद, आनंदाबाई स्वतः सत्तर, काठावर पास. आणि सून कोकिळा, चाळीस.

"साऱ्या गावात सगळ्यांत कमी," डॉक्टरीनबाई म्हणाली.

कोकिळा आर्वीकडची. दोन वर्षांपूर्वी सून होऊन आलेली, आणि बोलायला इतकी कमी की पहिले सहा महिने शेजारणींना वाटलं पोरगी मुकीच आहे. चाळीस ऐकून तिनं पदर आणखी पुढं ओढला. पलीकडच्या घरची लीलाबाई मात्र कशाला गप्प बसते! तिची सून साठवर होती.

"सासू पास, सून नापास," लीलाबाई हातवारे करत म्हणाली. "कोनाच्या ताटातलं कोन खाते, ते दवाखान्यानं बरोबर पकडलं, व माय!"

पहिलं भांडण तिथं लागलं. ते निवतं न निवतं तोच डॉक्टरीनबाईनं दुसरा कागद काढला. बारा गावं तपासली, हजारावर बाया तपासल्या, त्यावरून आम्हाला एक गोष्ट सापडली आहे, ती म्हणाली. घरात जी बाई सगळ्यांत शेवटी जेवते, तिचंच रक्त सगळ्यांत कमी असतं.

पारावर असा हशा उठला की जीपच्या टपावर बसलेले कावळे उडाले.

"एवढं शिकून हा शोध लावला?" तानबा म्हणाला. "अवो बाई, शेवटी जेवनारीले काय भेटते हे माह्या बकरीलेबी माहीत हाय!"

"माहीत होतं तर सांगितलं का नाही कुणी?" डॉक्टरीनबाई म्हणाली.

नापासांना लाल गोळ्यांच्या पुड्या वाटून जीप निघून गेली, आणि गावानं गोळ्यांवर तर्क सुरू केले. कुणी म्हणालं, ही मागच्या सरकारची नसबंदीच, फक्त आता गोळीतून येऊन राह्यली. दिवेलागणीच्या आत निम्म्या गोळ्या उकिरड्यावर होत्या आणि कोंबड्या त्या टिपत होत्या.

आनंदाबाई घरी आली ती धुसफुसतच. आपण सुनेला छळत नाही, शिवी देत नाही, हात उगारत नाही, आणि साऱ्या गावात आपल्या घराचं नाव खाली गेलं! गेल्या आठवड्यात पोरगी निंदणात भोवळ येऊन पडली तेव्हा आपणच लिंबू उतरवून चौरस्त्यावर टाकून आलो. आणखी काय करायचं असतं सासूनं?

"का व कोकिळे," ती चुलीपाशी जाऊन म्हणाली, "काल काय खाल्लं तू?"

"भाकर."

"कायच्यासंग?"

"मीठ होतं ना, आत्याबाई."

तिनं तक्रार केली नव्हती, विचारलं म्हणून सांगितलं होतं. काल घरात चवळीची भाजी होती. तिनं स्वतः दोनदा मागून घेतली होती, आणि आता घरात सून आहे, आपण मागून खायचे दिवस आले म्हणून सुखानं ढेकर दिला होता. गंजात, म्हणजे भाजीच्या पातेल्यात, काय उरलं ते पाहायला ती उठलीच नव्हती.

"पुढच्या बारीले जीप येईन तवा," ती मोठ्यानं म्हणाली, म्हणजे भिंतीपलीकडं लीलाबाईला ऐकू जावं, "माह्यी सून पास होईन. नाई झाली त मी आनंदा नाई!"

गोळ्यांचं काय करावं हा प्रश्न होताच. नातवाची आस लागलेली बाई ती, सुनेला भलतंच काही कसं देईल? तिनं आधी स्वतःच एक गोळी गिळली. "माह्यं काय आता होनार हाय," म्हणाली आणि आठ दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. तेव्हापासून रोज सकाळी कोकिळेच्या हातावर गोळी, आणि ती गिळेपर्यंत सासू पुढं उभी.

पण खरी गंमत जेवणाची. निकालाच्याच संध्याकाळी महादेवराव आणि रूपराव हातपाय धुऊन पाटावर बसायला आले, तर पाटावर कोकिळा! समोर ताट, ताटात भाकर, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, गुळाचा खडा. पोरगी लाजेनं अर्धी झालेली, घास तोंडात आणि डोळे जमिनीत.

"हे काय होय?" महादेवरावांनी विचारलं.

"सून जेवून राह्यली. दिसत नाई काय?"

"अन् आमी?"

"तुमी ऐंशी टक्के हा. बसा ओसरीवर."

रूपराव कुरकुरला, "माय, दिवसभर राबून आलो मी."

"तू नव्वदाचा होय. धा उतरले तरी पास राह्यशीन."

कोकिळा उठायला लागली की सासू खांद्यावर हात ठेवून खाली बसवी. "मले नाई जात, आत्याबाई." "जाते. ढकल." महादेवराव ओसरीवर बसून विड्या फुंकत राहिले, कारण बायकोचा आवाज चढला की त्यांचा उतरतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

ही बातमी भिंत ओलांडून पलीकडं गेली आणि लीलाबाईनं दुसऱ्या दिवशी आपल्या सुनेला पहिल्या पाटावर बसवलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या आळीत तेच. मग काय विचारता! जो तो सुनेला चारायच्या मागं. धुऱ्या-बांधावरची चवळी, तांदूळजा, ओट्यापुढचा शेवगा, काही शिल्लक राहीना. विहिरीवर बाया एकमेकींच्या सुनांच्या पापण्या उलट्या करून पाहत, किती लाल झाली म्हणून. माहेरच्या कार्डात 'सर्व खुशाल' लिहितात तिथं 'रक्त वाढत आहे' असं लिहिलं जाऊ लागलं. एका घरी पोरीला पाहायला पाहुणे आले, तर वरपित्यानं शिक्षण विचारायच्या आधी टक्के विचारले. पोरीच्या आजीनं उलट मुलाचे विचारले, तर मुलगा निघाला साठ! पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. आणि तानबा नव्वद टक्क्यांच्या जोरावर गावभर सल्ले देत हिंडे, "रोज पाला खा. माह्या बकऱ्या पाहा, एकबी नापास नाई."

पऱ्हाटी फुटली, वेचणी सुरू झाली. मागल्या वर्षी दुपारपर्यंत बसकण मारणारी कोकिळा यंदा आपल्या ओळीच्या शेवटाला सगळ्यांच्या आधी पोचू लागली. एक दिवस तर ती हसली. रूपराव पऱ्हाटीत अडकून तोंडावर आपटला म्हणून हसली असेल, पण हसली आणि आवाज काढून हसली. आनंदाबाईनं तिथंच ओटीतला कापूस खाली टाकून कडाकडा बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

घरात मात्र भाजीचा गंज तेवढाच होता. कोकिळेला पोटभर द्यायचं, मग पुरुषांना, आणि मग आपण. वेचणीत दिवसभर वाकून आल्यावर आनंदाबाईला गंजापाशी बसायचीही शुद्ध नसे. असेल ते खायचं, वर पाणी प्यायचं. जिना चढल्यासारखा दम लागे, हे वयाचं म्हणून ती सोडून देई. तिचा सारा जीव त्या लाल पट्टीत अडकलेला.

होळीच्या आधी जीप आली. सारं गाव पारावर. शेतात कुणी गेलंच नाही. लीलाबाईची सून आधी, सत्तर. लीलाबाईनं लगेच पदर खोचला. मग कोकिळा. डॉक्टरीनबाईनं डाग पट्टीशी धरला, सरकवला, पुन्हा धरला.

"ऐंशी."

आनंदाबाईनं जी किंकाळी मारली ती नदीपलीकडं गेली असेल. तिनं सुनेला कवेत घेतलं, डॉक्टरीनबाईला घेतलं, आणि चुकून लीलाबाईलाही घेतलं. तानबानं होळीसाठी आणलेला गुलाल आजच उधळला. डॉक्टरीनबाई गुलालानं माखली, रक्ताचे कागदही माखले, आणि बाई ओरडत होती की रंग लागला तर मी मोजू काय!

"आता तुमचं बोट द्या," ती हसत आनंदाबाईला म्हणाली.

"माह्यं कायले? मी पास हाय."

पण बोट टोचलं. थेंब कागदावर आला तो पाण्यासारखा पसरला. बाईनं डाग पट्टीशी धरला आणि तिचं हसू गेलं.

"पन्नास."

लीलाबाईनं हळूच आपलं बोट पदरात लपवलं. पारावरच्या दुसऱ्याही दोन-चार सासवांनी लपवलं.

"आजी, तुम्ही जेवता कधी?" डॉक्टरीनबाईनं विचारलं.

"सारे झाल्यावर," आनंदाबाई म्हणाली. "आता कोनाले त शेवटी बसाच लागते ना, बाई."

तेव्हा कोकिळा उठली. चारचौघांत, सासऱ्यासमोर, सरपंचासमोर, डोक्यावरचा पदर सरळ करून गावानं पहिल्यांदाच ऐकलेल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "चला आत्याबाई. घरी चला."

घरी तिनं दोन पाट मांडले. एकावर सासूला बसवलं, दुसऱ्यावर आपण बसली, आणि मधोमध भाजीचा गंज घेतला. आनंदाबाई उठायला लागली तर सुनेनं खांदा दाबला. "मले नाई जात व." "जाते, आत्याबाई. ढकला." आनंदाबाईला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मग हसूच जिंकलं, आणि दोघी ठसका लागेपर्यंत हसल्या. हसता हसता आणि खाता खाता गंज कधी सरला हे दोघींनाही कळलं नाही.

रूपराव आधीच अर्धी भाकर आणि चटणी घेऊन ओसरीवरून सटकला होता. महादेवराव तेवढे विडी विझवून आत आले, पाटावर बसले आणि गंजात डोकावले.

"भाजी कुठं हाय?"

"सरली," आनंदाबाई म्हणाली.

"सरली? मंग मी काय खाऊ?"

आनंदाबाईनं उलथनं घेतलं, गंजाच्या बुडाशी चिकटलेलं करकर खरवडून काढलं आणि भाकरीवर ठेवून नवऱ्यापुढं सरकवलं.

"खरवड हाय, खा. अठ्ठावीस वर्सं मी हेच खाल्लं, तुमी कदी इचारलं नाई कसं लागते."