लाखेखालची किल्ली

सत्तावीस वर्षांत मी लाखेनं किती पाकिटं बंद केली, ते मलाही सांगता येणार नाही. पण एक पाकीट काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यात एका दाराची किल्ली होती. त्या दारामागे चार वर्षांचं पोर होतं आणि गॅसवर दूध. मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. जिला ठाऊक होतं ती नऊ वर्षांची मुलगी माझ्यासमोर बाकावर बसली होती, आणि मला इतकी घाबरली होती की तोंडातून ब्र काढत नव्हती. तिला घाबरवलं कोणी? मीच की! दुसरं कोण?

मी ठाण्यात हवालदार. पुढच्या टेबलावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद घ्यायची, हे माझं काम. माझ्या आवाजामुळे सगळे मला मागून ‘तोफ’ म्हणतात. मला ते कळत नाही असं बिचाऱ्यांना वाटतं.

लहान मुलांच्या बाबतीत ठाण्यात माझाच शब्द चालायचा. माझी पद्धत ठरलेली होती. चोरी करताना सापडलेलं पोर आलं, की त्याला कोठडीसमोरच्या बाकावर बसवायचं, तोंड गजांकडे करून. किल्ल्यांचा जुडगा एकदा खणखण वाजवायचा. आणि वर म्हणायचं, “आता तुझ्या घरच्यांनाही इथेच आणून बसवते!” दहा मिनिटांत पोर सुतासारखं सरळ. साहेब आले, साहेब बदलून गेले, माझा बाक तिथून इंचभर हलला नाही. आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी शाळांना सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमारास कोपऱ्यावरचा वह्या-पेन्सिलींचा दुकानदार एका मुलीला दंडाला धरून घेऊन आला. कानावर पेन, कपाळावर आठ्या.

“तिसऱ्यांदा, बाई! तिसऱ्यांदा!” त्यानं एक बाटली टेबलावर आपटली. साबणाच्या पाण्याचे फुगे उडवायची बाटली, झाकणाला कडं असलेली. “आधी खडूची पेटी, मग रंगीत कागद, आणि आज ही. आज बाटली, उद्या गल्ला!”

मुलगी किरकोळ अंगाची. डोळे मात्र खारीसारखे, एका जागी ठरत नव्हते. मी मनात तिचं नाव खारुताई ठेवून टाकलं.

तेवढ्यात आमचा नवा शिपाई पुढे आला. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झालेले. नुकताच लहान मुलांविषयीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आला होता आणि तिथे मिळालेली साठ पानांची पुस्तिका सतत काखेत बाळगायचा. म्हणून मी त्याचं नावच पुस्तिका पाडलं होतं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “एवढ्या लहान मुलीवर गुन्हा दाखल करता येत नाही. कोठडीसमोरही बसवायचं नाही. आधी शांतपणे विचारायचं. यात पहिलाच प्रश्न दिलाय बघा, घरी तुझी वाट कोण बघतंय?”

“अगोबाई! आणि दुसरा प्रश्न काय, चहा घेणार की सरबत?”

दुकानदार खो खो हसला. मीही हसले. “अरे पुस्तिका, तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी पोरं सरळ करतेय. शिकव हो मला!”

त्याचे कान लाल झाले. त्यानं पुस्तिका मिटली.

मग मी खारुताईला खिसे रिकामे करायला लावले. एक केसांचा चाप निघाला, आणि बुटाच्या नाडीत ओवलेली एक किल्ली. आमच्याकडे मोठ्या माणसाला पकडलं की त्याच्याजवळचं सगळं पाकिटात घालून वर लाखेचं सील मारतात, आणि ते सील साहेबांच्या सहीशिवाय कुणी तोडायचं नाही. लहान मुलाच्या बाबतीत याची काहीच गरज नव्हती. पण मला धाक बसवायचा होता ना! बाटली, चाप, किल्ली, सगळं पाकिटात घातलं. मेणबत्तीवर लाख धरली. किल्ली आत गेली तशी मुलगी ताडकन उभी राहिली.

“खाली बस!” मी गरजले. ती बसली. मी लाखेवर पितळी शिक्का दाबला.

“नाव काय?”

गप्प.

“राहतेस कुठे?”

मग मी जुडगा वाजवला आणि माझं ठेवणीतलं वाक्य काढलं, “नको सांगू. मी शोधून काढीन आणि तुझ्या घरच्यांनाही इथेच आणून बसवीन. त्या गजांच्या आत!”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दोन्ही ओठ आत ओढून घेतले, ते काही उघडेनात. पाव तास गेला, अर्धा तास गेला. मी टेबलावर हात आपटून पाहिला, कुलूप काढून कोठडीचं दार करकरवून पाहिलं. ताकास तूर लागू देईना! काय बेरकी कार्टी आहे, म्हटलं. आणि सारखी बघत होती ती गजांकडे नव्हे, त्या पाकिटाकडे.

“बघा, अजून बाटलीवर डोळा आहे हिचा,” मी दुकानदाराला म्हटलं.

तो हसला नाही. तो बाकाखाली बघत होता. फरशीवर पाणी पसरत चाललं होतं. मुलीचा फ्रॉक भिजला होता आणि ती हलतसुद्धा नव्हती.

“राहू द्या, बाई,” तो पुटपुटला. “मला नको ती बाटली. माझ्या घरीही एवढीच आहे हो.”

पुस्तिकानं आपला टॉवेल आणून तिच्या कमरेभोवती गुंडाळला. मग बाक उचलून फिरवला आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं. आणि मी? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाकाखालची फरशी याआधीही ओली झाली होती. दर वेळी मी ‘पुसून घे रे’ म्हणून मोकळी झाले होते. पोराच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं.

टोपी काढली. तिच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे कडाकडा वाजले. हळू बोलायची सवय नाही, तरी आवाज जमेल तेवढा खाली आणला. आणि विचारायला दुसरं काही सुचेना, म्हणून ज्या प्रश्नाची टिंगल केली होती तोच विचारला.

“घरी कोण वाट बघतंय गं तुझी?”

तिनं माझ्याकडे बघितलं. “तुम्ही त्याला इथे आणणार?”

“कुणाला?”

“ढब्बूला. माझ्या भावाला.”

“नाही आणणार. कुणालाच नाही. मघाशी मी उगाच बोलले, तुला भीती घालायला. खोटं होतं ते.”

मग बांध फुटला. “ढब्बू आत आहे. तो रस्त्यावर पळतो म्हणून मी बाहेरून कुलूप घातलंय. आई कामावर गेलीय. तो खूप रडत होता, म्हणून म्हटलं फुगे आणते, लगेच येते. दूध ठेवलंय बारीक गॅसवर. किल्ली,” तिनं पाकिटाकडे बोट केलं, “किल्ली त्यात आहे.”

घड्याळात बघितलं. तिला इथे आणून पाऊण तास झाला होता.

मी पाकिटावर झडप घातली. पुस्तिका चाचरत म्हणाला, “बाई, सील तोडायला साहेबांची सही...”

“साहेब गेले खड्ड्यात!” मी ते पाकीट दातांनी फाडलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. लाखेचा तुकडा तोंडात गेला तो वाटेतच थुंकला.

घर दोन गल्ल्या सोडून होतं. पुढे पुस्तिका, त्याच्यामागे रस्ता सांगणाऱ्या मुलीला कडेवर घेतलेला दुकानदार, आणि शेवटी धापा टाकत मी. पोलीस पळतायत म्हटल्यावर अख्खा रस्ता आमच्याकडे बघत होता. चोर कुठाय, चोर कुठाय, म्हणून एक आजोबा ओरडले. मनात म्हटलं, आजोबा, चोर सगळ्यात मागे आहे.

तिसऱ्या मजल्यावर जळकट वास येत होता. दाराच्या फटीतून धूर. मी किल्ली घातली, फिरवली, फिरेना. कुलूप हिसडून बघितलं, दाराला खांदा देऊन बघितलं.

“द्या इकडे,” खारुताई म्हणाली. “ते वर उचलून फिरवायचं असतं.” तिनं टाचा उंचावून कुलूप उचललं, किल्ली फिरवली. खटकन उघडलं.

स्वयंपाकघरात हात दिसेना इतका धूर. पुस्तिकानं तोंडाला रुमाल लावून गॅस बंद केला. दूध केव्हाच संपलं होतं, पातेलं कोळसा झालं होतं, बाजूचं फडकं धुमसत होतं. मुलगी “ढब्बू, ढब्बू” करत घरभर धावली. मला तर हाक मारायचाही धीर होईना.

बाल्कनीतून आवाज आला, “ताई, फुगे आणले?”

धुण्याच्या कपड्यांच्या टोपलीत हे गोलमटोल ध्यान बसलं होतं. नाकाखाली शेंबूड, गालांवर सुकलेले अश्रू, चेहऱ्यावर भयंकर राग. मी तिथेच जमिनीवर बसले आणि भोकाड पसरलं. तोफ रडली, हे ठाण्यात अजून सांगतात.

दुकानदारानं शर्टाच्या खिशातून बाटली काढली. पाकीट फाडताना ती पडली होती, त्यानं उचलून घेतली होती. ढब्बूच्या हातात देऊन तो मुलीला म्हणाला, “ही माझ्याकडून. पण त्या खडूंचं आणि कागदांचं काय?”

तिनं पलंगाखालून अर्धी पेटी खडू आणि कात्रणं काढून त्याच्यापुढे ठेवली. “चुकलं माझं,” म्हणाली. “पुन्हा नाही घेणार.”

“आणि हवं असेल तेव्हा?”

“विचारीन.”

“झालं तर मग!” दुकानदार म्हणाला. खडू त्यानं तिलाच परत दिले.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. निरोप मिळताच ओल्या बाह्यांनी धावत आली, आणि दारात मला बघून हातच जोडले. “बाई, माझी मुलं नेऊ नका हो!”

“नेतंय कोण! मी माफी मागायला थांबलेय,” मी म्हटलं. आणि मुलीसमोरच म्हटलं, “हिची चूक झाली, ती तिनं कबूल केली. माझी हिच्याहून मोठी झाली. आणि यापुढे हिला कधी अडचण आली, तर ठाणं दोन गल्ल्यांवर आहे.” आईचा यावर विश्वास बसला नसावा. मी तिच्या जागी असते तर माझाही बसला नसता.

संध्याकाळी साहेबांनी सील तोडल्याचा लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं, ‘किल्ली मुलीची होती. मुलीला परत दिली. सील मारणं ही माझी चूक होती, तोडणं नव्हे.’ साहेबांनी दोनदा वाचलं आणि सही केली. बाक खिडकीकडेच राहिला. पुस्तिकेतला पहिला प्रश्न मी ठळक अक्षरांत लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला. आमचा पुस्तिका ते बघून गालातल्या गालात हसला, तेव्हा त्याला कामाला लावलं.

पुढे दीड महिन्यानं, दुपारी चारच्या सुमारास, मी नोंदी करत होते. टेबलाच्या कडेवर दहा बोटं दिसली, मग दोन डोळे. खारुताई! ढब्बूला धरायला म्हणून त्यातली पाच बोटं खाली गेली.

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “घरी कोण वाट बघतंय?”

“कोणीच नाही,” ती म्हणाली. “आईला आज उशीर होणार आहे. म्हणून तर आम्ही इथे आलो.”

पुस्तिकानं धावत जाऊन दोन खुर्च्या आणल्या. ढब्बूनं चढण्याआधी माझी टोपी पळवली. मुलीनं गळ्यातली नाडी काढली आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली.

“आई येईपर्यंत ही तुमच्याकडे ठेवा,” ती म्हणाली. “पण पाकिटात नाही हं घालायची.”

मी ती नाडी गळ्यात घातली, आणि आई येईपर्यंत काढली नाही.