खुणेपाशी सही

"हे कुणाचं?" आर्डिथ आत्याने ओलं भांडं उलटं करून डोळ्यांजवळ नेलं. "वाच गं जरा, माझा चष्मा आत राहिलाय."

डॅडींना पुरून चार दिवस झाले होते. आमच्या कौंटीत माणूस गेलं की शेजारीपाजारी शिजवून आणतात, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. घरच्यांनी आठवड्याच्या आत भांडी घासून ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायची.

"व्ही. गेहार्ट," मी वाचलं.

आत्याचा हात थांबला. "व्हर्नाचं? ती तर मला कुठे दिसली नाही."

"आत आलीच नाही. पायरीवर ठेवून गेली."

"काय होतं यात?"

"मक्याचं पुडिंग."

"म्हणजे ते आपण खाल्लं?"

"तू दोनदा वाढून घेतलंस."

आत्या खुर्चीवर टेकली. डॅडींची ही धाकटी बहीण सहसा गप्प बसत नाही. तेव्हा मात्र तिने बराच वेळ तेच भांडं पुसलं. मग म्हणाली, "आण इकडे. घरी जाता जाता ठेवीन तिच्या पायरीवर. तिनं पायरीवर ठेवलं, आपणही पायरीवर ठेवू. फिट्टंफाट."

"नको. मी जाते."

"कशाला? गेलेल्या माणसाची धुणी कुणी चव्हाट्यावर नेतं का?"

"फक्त त्यांची कुठे आहेत," मी म्हणाले. नळ चालू होता. तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

डॅडी, म्हणजे लोवेल स्टॅम्पर, एकतीस वर्षं टपाल वाटत होते. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली त्यांची जीप सगळ्या कौंटीत ओळखीची होती. आमच्याकडे गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, पण रस्त्याकडेच्या पेट्यांपर्यंत खिडकीतून हात पोचावा म्हणून टपालवाले असली गाडी घेतात. कुणाचा मुलगा सैन्यातून पत्र लिहीत नाही, कुणाला बँकेची तिसरी नोटीस आली, हे त्यांना ठाऊक असायचं आणि ते त्यांच्यापाशीच राहायचं. रजिस्टर्ड पत्र आलं की ते खाली उतरत, कागद लावायची पाटी पुढे करत, पेन्सिलीने बारीक फुली मारत आणि म्हणत, "या खुणेपाशी सही कर." लोक बोनेटवर पाटी टेकवून सही करत. वाचायचं कुणाच्या मनातही येत नसे. आणणारा लोवेल होता.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांनी खिडकीत बसून काढलं. नवा टपालवाला किती वाजता येतो ते वहीत लिहीत. त्याच सुमाराला तंबाखू सोडून सगळे हेम्पच्या, म्हणजे भांगेच्याच जातीच्या एका पिकाच्या, मागे लागले होते. तंबाखूच्या कोठारांतून आता हेम्प उलटं टांगलेलं असायचं, आणि त्याच्या फुलांतून काढलेलं सीबीडीचं तेल घालून कुणी गुडघ्याचं मलम करी, कुणी झोपेचे थेंब, कुणी कुत्र्यांची बिस्किटं. त्यात नशा नव्हती. आमच्याकडे ती बरीचशी आशेतच होती.

शेतकी सभागृहातल्या एका बैठकीला लास वेगासहून केसलिंग नावाचा माणूस आला. त्याची टॉलो रिज होल्डिंग्ज म्हणून कंपनी होती. आधी ती सोनं शोधणारी कंपनी होती, नंतर फोनवरच्या खेळांची. आता सीबीडीच्या छोट्या छोट्या धंद्यांत तिला हिस्सा हवा होता. रोख काही द्यायचं नाही, बदल्यात कंपनीचे शेअर. त्या कंपनीत काही नव्हतंच. अक्रोड फोडावा आणि आत नुसती टरफलं निघावीत, तसं. केसलिंगला पैसा लागत नव्हता. त्याला ज्याच्या हातून लोक कागद घेतील असा माणूस हवा होता, आणि तो त्याने पहिल्याच दिवशी हेरला. डॅडींना त्याने कंपनीचं अध्यक्ष केलं.

डॅडींनी टाय विकत घेतला. नावाची कार्डं छापून आली तेव्हा पहिलं मला दिलं. "ठेव. पुस्तकात खूण म्हणून घाल."

एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. मी कौंटीच्या कचेरीत कारकून आहे आणि नोटरीही. हातात त्यांची जुनी पाटी, पाटीवर चार कागद, चारही सह्या झालेल्या.

"शिक्का मार यांच्यावर."

"डॅडी, माणसं माझ्यासमोर यावी लागतात. सही माझ्यासमोर व्हायला हवी."

"माझ्यासमोर झालीय. एकतीस वर्षांत कधी चुकीच्या घरी पत्र टाकलं का मी?"

सगळ्यात वर व्हर्ना गेहार्टचा कागद होता. मी तो वाचला. मी सगळंच वाचते, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा. नवव्या कलमात होतं की मलमाचं नाव, डबीवरचं चित्र आणि कृती कायमची कंपनीची होईल. बदल्यात मिळणारे शेअर कंपनीच्या परवानगीशिवाय विकता येणार नव्हते. मलमाचं नाव होतं 'मॅमॉ ओसी'. ओसी ही व्हर्नाची आई. नातवंडं तिला मॅमॉ, म्हणजे आजी, म्हणायची म्हणून तेच नाव. डबीवर तिचा चेहरा व्हर्नाने स्वतः पेन्सिलीने काढला होता.

मी मान वर केली. डॅडींनी टायची गाठ दोनदा सारखी केली. दीड वर्षात त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

मी शिक्का मारला. चारही कागदांवर.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. केसलिंगचा फोन बंद झाला. कंपनीने पुन्हा नाव बदललं. मग कुणीतरी फ्लोरिडाहून येताना पेट्रोल पंपावरून मलमाची प्लास्टिकची नळी आणली, तिच्यावर मॅमॉ ओसीचा चेहरा. व्हर्नाला वकिलाचं पत्र आलं, तुमच्या डब्या विकणं थांबवा. शनिवारच्या बाजारातून तिने टेबल उचललं.

डॅडींना कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायची पद्धत आहे. लोक त्यांच्यासाठी बोटं उचलत राहिले. डॅडीच रस्त्याकडे पाहू लागले. त्यांचं चर्चला जाणं सुटलं. किराणा ते शेजारच्या कौंटीतून आणू लागले. आणि मी, त्यांची मुलगी, दोन वर्षं लोकांना सांगत राहिले, की केसलिंगने बिचाऱ्यांना फसवलं. बिचाऱ्यांना. हा शब्द मीच वापरत असे.

व्हर्नाकडे मी डॅडींच्याच जीपमधून निघाले. भांडं शेजारच्या सीटवर ठेवलं. पत्रं लावायचा त्यांचा लाकडी ट्रे तिथेच होता, आणि ट्रेखाली रबर लावलेले तीन लिफाफे. तिन्ही रजिस्टर्ड, डॅडींच्या अक्षरात, लास वेगासच्या पत्त्यावर पाठवलेले. तिन्हींवर परत आल्याचा शिक्का. पत्त्यात कचेरीचा नंबर होता. पण डॅडींना बघताक्षणी कळलं असणार की ती कचेरी नाही, दुकानातली भाड्याची टपालपेटी आहे. असल्या पेट्या त्यांनी आयुष्यभर भरल्या होत्या. कार्ड छापून आलं त्या दिवशीही त्यावर तोच पत्ता होता.

मी एक लिफाफा फोडला. चारच ओळी होत्या. 'श्रीमती गेहार्ट यांना त्यांच्या आईचं नाव परत करावं. सह्या मी घेतल्या. वाचायला वेळ दिला नाही. माझ्या मुलीने तो कागद वाचला नव्हता, मी सांगितलं म्हणून तिने शिक्का मारला.'

मी वाचते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लायब्ररीची पुस्तकं मला वीस वर्षं तेच आणून देत होते.

व्हर्ना गेहार्ट स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसली होती. वय सत्तरीच्या पुढे, हात मोठे, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या. मागच्या फळीवर मलमाच्या काचेच्या डब्या ओळीने होत्या. एकीवरही नावाची चिठ्ठी नव्हती.

"ये. भांडं तिथं ठेव," ती म्हणाली. "चांगलं घासलंस का? लोवेल पेट्यांत चिखलाचे हात घालायचा."

"घासलंय, मिस व्हर्ना. पुडिंग छान होतं. आर्डिथ आत्यानं दोनदा घेतलं."

"आर्डिथ दोनदा घेत नाही ते अजून शिजायचंय. बस."

मी बसले नाही. बसले असते तर हवापाण्याचं बोलले असते. "मिस व्हर्ना, तुमच्या कागदावर शिक्का मी मारला. तुम्ही समोर नसताना."

"ते मला माहीत नाही होय? मी कुठे होते ते मला ठाऊक असणारच की. तिथं रस्त्यावर, जीपच्या बोनेटपाशी." तिने शेंग मोडली.

"मारायच्या आधी मी तो वाचला होता."

आता तिने शेंगा खाली ठेवल्या. एप्रनला हात पुसले, एकेक बोट करून.

"सगळा?"

"सगळा. नववं कलम दोनदा."

 

"मी काही अगदीच आंधळी सही केली नाही, ट्वायला," ती म्हणाली. "लोवेलला विचारलं होतं, की बाबा रे, यात काय आहे? तो म्हणाला, मला वकिली भाषा कळत नाही, पण हा कागद आमच्या ट्वायलाच्या हातून जायचाय, आणि ती वाचल्याशिवाय मिठाची पिशवीपण उघडत नाही. मग केली मी सही. तुझ्या भरवशावर. त्याच्या नाही."

मी खुर्ची ओढून बसले.

"लेक्सिंग्टनच्या माझ्या वकिलानं मला विचारलं," ती पुढे म्हणाली, "नोटरीसमोर गेला होतात का? गेला नसाल तर भांडायला जागा आहे. मी विचारलं, त्या मुलीचं काय होईल? म्हणाला, नोकरी जाईल, कदाचित खटलाही. मग मी सांगितलं, आठवत नाही. म्हातारीला आठवत नाही म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

"का पण?"

"लोवेल जिवंत होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पोरीला कशाला?" ती जरा थांबली. "आणि मला वाटलं, येईल ती. वाचणारी मुलगी आहे, येईल आपण होऊन. दोन वर्षं झाली. दर रविवारी मी चर्चमध्ये तुझ्या मागच्या बाकावर बसते. मान तर काही वळत नाही तुझी."

  डॅडींचा लिफाफा पर्समध्ये होता. तो काढून दाखवावा असं वाटलं. त्यांना निदान लाज होती, हे तिला कळावं म्हणून. पण त्यातली शेवटची ओळ माझ्याबद्दल होती आणि ती खोटी होती. मी पर्स मिटली.

"मी लिहून देते," मी म्हणाले. "समोर सही झाली नाही, हे. वाचलं होतं, हेही."

"नोकरी जाईल."

"हो."

"आर्डिथ बोलेल."

"ती बोलणारच."

व्हर्नाने ड्रॉवरमधून रेघांचं पॅड काढलं. "तू सांग, मी लिहिते. तुझं अक्षर डॉक्टरसारखं आहे, तुझा बापच सांगायचा." तिचं लिहिणं सावकाश चाललं. एकदा तिने मला 'शिक्का' शब्दापाशी थांबवून तारीख विचारली. मला तारीख पाठ होती. ती आठवायला एक क्षणही लागला नाही याचंही तिला काही वाटलं असेल; ती लिहीत राहिली. संपल्यावर पॅड माझ्याकडे फिरवलं आणि पेन्सिलीने खाली बारीक फुली मारली.

"या खुणेपाशी."

मी पेन उचललं. तिने पॅडवर तळहात ठेवला.

"आधी वाच."

मी वाचलं. सगळं, मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत. मग तिने हात काढला आणि मी सही केली.

ती रस्त्यापर्यंत आली. लिफाफ्यावर तिच्या वकिलाचं नाव होतं, तिकीट वाकडं चिकटलेलं. मी जीपमध्ये उजवीकडच्या सीटवर बसले. तिची टपालपेटी बरोबर माझ्या खिडकीशी आली. पेटीवर अजून जुनं नाव होतं, ओसी गेहार्ट, पांढऱ्या रंगात, पुसट.

"त्या बाजूला बसलीच आहेस," व्हर्नाने लिफाफा माझ्या हातात दिला, "तर टाक तूच."

मी खिडकीतून हात बाहेर काढला. पेटीचं दार उघडलं, लिफाफा आत सरकवला, दार लावलं. न्यायचं टपाल असलं की पेटीच्या कडेची लाल पट्टी वर करून ठेवायची असते. ती गंजली होती. दुसऱ्या हाताचा आधार घेऊन मी ती उभी केली.

व्हर्ना भाजीच्या वाफ्याकडे वळली. समोरून एक ट्रक येत होता. कोण होतं ते दिसलं नाही, पण काचेमागे दोन बोटं उचललेली दिसली. मीही स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली.