पिराच्या दिव्याची जाळी

कुंभारांच्या रिश्तान गावात वीज सकाळीच गेली होती. कुंभारांची चाकं थांबली होती आणि त्यांच्या सामाईक अंगणात मुंगीला शिरायला वाट नव्हती. मधोमध एक पेटी होती, एका बाजूला बारीक जाळी असलेली. तिला ना खांबाची तार, ना डिझेल. तरी वरचा दिवा लख्ख पेटलेला.

"आत पिराच्या भट्टीतलं काळं पीठ आणि मजारच्या झऱ्याचं पाणी," पिराचा वारस म्हणवणारा मुखिद्दीन एशोन सांगत होता. "बाकी काही नाही. सरकारची वीज रुसते, पीर रुसत नाही. फक्त पेटी झाकायची नाही, उघडायची नाही. दर गुरुवारी माझ्याकडे आणायची. मी पडद्याआड दुवा करीन."

रिश्तानचा कुंभार रानझुडपांच्या राखेतून निळी झिलई काढतो आणि श्रेय आपल्या धंद्याच्या पिराला देतो. राखेतून आभाळ निघतं, मग काळ्या पिठातून उजेड का नाही? एशोनने हीच श्रद्धा हेरली होती.

तुल्किन कुंभार हातगाडीवर जनरेटर घालून आला होता. तो देऊन पेटी न्यायची, असं ठरलं होतं. त्याचे वडील गफूर ओटा यांच्या फुप्फुसांत आयुष्यभराची मातीची धूळ बसली होती. वीज गेली की त्यांचं प्राणवायूचं यंत्र याच जनरेटरवर चालायचं; आता ते पेटीवर चालेल, असा एशोनचा शब्द होता. आत्ता ते शेजाऱ्याच्या सिलिंडरवर होते आणि सिलिंडर संपत आला होता.

गाडीमागोमाग त्याची थोरली चुलतबहीण झेबिनिसो आली; तिला तो ओपा, म्हणजे ताई, म्हणायचा. ती ताश्कंदच्या प्रयोगशाळेत काम करते.

"तुल्किन, जनरेटर उतरवू नकोस."

"ओपा, तमाशा नको. अख्खा मोहल्ला बघतोय."

"बघू दे की. एशोन आका, पेटी का झाकायची नाही?"

"पिराला आभाळ दिसलं पाहिजे, बेटी."

"आभाळ वर असतं. जाळी तर बाजूला आहे."

मागे कुणीतरी खुसखुसलं. झेबिनिसोने ओल्या मातीची जाड पोळी थापली आणि जाळीवर घट्ट दाबून धरली. दिवा मंदावला. मग विझला.

"पीर कोपला," एशोन म्हणाला. "बाईचा हात लागला."

तिने माती काढली. दिवा उजळला. "राग गेला वाटतं." पुन्हा माती दाबली, पुन्हा अंधार. "परत आला. पीर आहे की बटण?"

आता हसू मोठं होतं. एशोन पेटीकडे झेपावला, पण तुल्किनने त्याचा हात धरला. झेबिनिसोने रबरी हातमोजे घालून झाकण काढलं आणि आतला पत्रा उचलला. कसरीने खाल्लेल्या कापडासारखी त्याची चाळण झाली होती.

"हे तुमचं इंधन. साधं ॲल्युमिनियम. पाणी झऱ्याचं नाही, तुमच्या झिलईच्या राखेसारखं क्षाराचं आहे; हात घालू नका, कातडी सोलेल. काळं पीठ मात्र खरं आहे. त्याला पेरोव्हस्काइट म्हणतात. मी रोज तेच बनवते. जाळीतून येणाऱ्या हवेतला प्राणवायू ते कामाला लावतं, स्वतः जळत नाही. तंदूर नान भाजतो, पण कणीक तुम्हालाच घालावी लागते. हे आका गुरुवारी पडद्याआड तीच कणीक घालतात. नवा पत्रा."

"आणि हे गाव सोडून गेले की?" तुल्किनने विचारलं.

"पत्रा संपेल, दिवा विझेल. आणि ही पेटी एवढासा दिवाच पेटवते. काकांचं यंत्र हिच्यावर सुरूसुद्धा होणार नाही."

तुल्किन एशोनकडे वळला. "माझे वडील गुदमरले असते, हे तुम्हाला माहीत होतं?"

एशोन दुवा पुटपुटू लागला. तुल्किनने गाडी फिरवली आणि धावत घर गाठलं. जनरेटर धडधडला, यंत्र सुरू झालं, आणि गफूर ओटांनी पहिल्याच मोकळ्या श्वासाला मुलाला एक कचकचीत शिवी दिली.

इकडे अंगणात एका भाविकाने जाळीवरची ती माती प्रसाद म्हणून रुमालात बांधली. अशांसाठीच हे लिहिलं आहे. विज्ञान खरं असलं, तरी ते विकणारा लबाड असू शकतो. तेव्हा पिराला हात जोडा, पण हात जोडण्याआधी प्रश्न विचारा. आणि जो दिवा झाकायला मनाई असेल, तो आधी झाकून बघा.