टाकीपर्यंत

“जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जायचं. काच फिरवून कुणाला जवळ ओढायचं नाही. आणि आपल्या घरातल्या कुणी ओढलंच, तर त्या माणसाला चालत परत पोचवून यायचं. येशील ना?”

येईन, असं मी बाबांना म्हटलं होतं. ते अंथरुणाला खिळले होते, आणि आजारी माणसाला आपण कशालाही हो म्हणतो. पण शब्द तो शब्द.

बाबांचा स्टुडिओ आता मी आणि माझी भावजय बघतो. भाऊ परगावी नोकरीला आहे. बाबांची लेन्स एकच, मागेपुढे न होणारी. माणूस मोठा दिसायला हवा तर आपणच पुढे सरकायचं. सकाळची प्रार्थना झाली की त्या लेन्समधून रोज एक फोटो काढायचा, तोही त्या माणसाजवळ जाऊन, त्याला विचारून, हा माझा नेम. भावजय हसायची.

“वन्सं, तुमची लेन्स म्हणजे सासूबाईंच्या वरताण. स्वतः जागची हलणार नाही, दुसऱ्याला मात्र पळवणार.”

तिने लग्नाच्या कामांसाठी झूम लेन्स घेतली आणि मागच्या गॅलरीत उभी राहून लगेच लावून बघितली. मागे मोठं मोकळं मैदान आहे. पार पलीकडच्या टोकाला पाण्याची जुनी, बंद पडलेली टाकी. तिच्याखाली संध्याकाळी राखाडी कपड्यातली एक म्हातारी उभी असायची. आम्ही लहानपणापासून तिला पाहत आलो होतो. इथून ती तांदळाच्या दाण्याएवढी दिसायची. कोण, कुठली, कुणी विचारायला गेलं नव्हतं.

भावजयीने लेन्सचं कडं फिरवलं आणि फोटो काढला. “बघा, सुरकुत्यासुद्धा दिसतात. उगीच कशाला तंगडतोड करायची?”

“तिला विचारलंस?”

“इथून काय, बोंब मारू?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीखाली कुणी नव्हतं. त्यानंतरही नाही.

मग एका गिऱ्हाइकाचा ओळखपत्राचा फोटो तिने झूमने काढला. मागे पांढरा पडदा होता. फोटोत त्या पडद्याआड कुणीतरी उभं असल्यासारखा फुगवटा आला. पडदा आणि भिंत यांच्यात वीतभरही जागा नाही. “चुणी असेल,” म्हणत भावजयीने पडद्याला इस्त्री केली. पुढच्या फोटोत, एका बाप-लेकीच्या मध्ये, राखाडी बाही आली. बाईची. त्यांनाच मी बाबांच्या लेन्समधून टिपलं, तर बाप आणि लेक, बाकी कुणी नाही. भावजयीने फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्या दिवसापासून तिची थट्टामस्करी बंद झाली.

काल दुपारी तिने मला आतून हाक मारली. अगदी हळू.

“वन्सं, जरा बघता का यातून?”

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. सगळी खोली दिसायला हवी होती, खुर्च्या, दिवे, खिडकी. दिसत होतं ते फक्त राखाडी कापड. वीण मोजता यावी इतकं जवळ, एके ठिकाणी दोऱ्याने रफू केलेलं. ते कापड सावकाश वर यायचं, खाली जायचं. श्वास चालू असल्यासारखं.

“मागे घे लेन्स.”

“शेवटपर्यंत मागे घेतलीय. याच्यामागे जातच नाही ती.”

तिचा एक हात मानेवर होता. तो दोन दिवस तिथेच होता, जेवतानासुद्धा. मान मागून गार पडते, म्हणाली. रात्री कूस बदलायची तर जागाच नसते.

“वन्सं, याच्याहून जवळ यायचं तर ती म्हातारी आता कुठे येईल?”

मला उत्तर माहीत होतं. मी लेन्सवर टोपण चढवलं.

“लेन्स दुकानात परत देऊन टाकते,” ती म्हणाली.

“लेन्स जाईल गं. ती कशी जाईल? ती काही चालत आलेली नाही, तिला वाट कुठे ठाऊक आहे?”

आज माझी प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली. ऊन उतरल्यावर मी कॅमेऱ्याला बाबांची लेन्स लावली आणि चपला घातल्या. भावजय मागोमाग मैदानाकडच्या दारापर्यंत आली.

“मी येऊ?”

“नको. तू नुसतं दार उघडं धर.”

“तिथे जाऊन काय करणार?”

“आधी विचारीन. हो म्हणाली तर फोटो काढीन. नाही म्हणाली तर पाया पडून माघारी फिरेन.”

“एकट्याच याल ना?”

“दार धर, बाळ.”

तिने दार धरलं. मी उंबऱ्याबाहेर गेले आणि जरा बाजूला झाले, घाई न करणाऱ्या माणसाला बाहेर यायला जेवढी जागा लागेल तेवढी. मग त्या मोकळ्या जागेकडे पाहून म्हटलं, “चला आजी. मी आहे सोबत.”

पडदा हलला नाही, दार करकरलं नाही. फक्त भावजयीचा हात मानेवरून खाली आला. आपला हात भलत्याच कुणाचा असावा तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

मी मागे वळले नाही. समोर मैदान होतं, त्याच्या टोकाला टाकी. डावीकडे एका माणसाची जागा सोडून मी म्हाताऱ्या पावलांच्या चालीने निघाले.