सार्पोमाचा चेहरा

दुफीनं राण्यांची चित्रं काढायला घेतली तेव्हा तिची आई म्हणाली होती, "मेलेल्यांची कसली चित्रं काढतेस, बाई? ते काय विकत घ्यायला येणार आहेत?" पण दुफी हट्टाला पेटली होती. ज्यांनी गादी सांभाळली, लढाया केल्या आणि ज्यांना नंतर सगळे सोयीस्करपणे विसरले, अशा बायका शोधून शोधून ती रंगवत होती. आता राहिली होती ती तिच्या स्वतःच्या गावची, अमानकुमाची, राणी सार्पोमा.

शत्रू येतोय म्हटल्यावर राजा आणि त्याचे सरदार रानात पळाले, तेव्हा हिनं गाव राखलं. मग मंडळी परत आली, पोटभर जेवली आणि पूर्वजांच्या नावांतून हिचं नाव तेवढं गाळून मोकळी झाली. दरबारात भिंतभर तसबिरी आहेत, त्या सगळ्या ह्या पळपुट्यांच्या नि त्यांच्या वंशजांच्या. त्या भिंतीवर सार्पोमाला बसवायचं, एवढं एकच दुफीला हवं होतं.

अडचण अशी की सार्पोमा दिसायची कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर पहिला म्हणाला, अगदी माझ्या आईसारखी. दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्यानं तर आपल्या आईचा फोटोच आणून दिला. दुफीनं कपाळाला हात लावला.

आणि मग एका दुपारी बाजारात तिला सार्पोमा दिसली. धुरी दिलेल्या माशांच्या ढिगामागे बसून ती एका ट्रकवाल्याला झाडत होती. दुकानापुढे गाडी लावायची त्याची काय बिशाद! तो धिप्पाड गडी मुकाट गाडी मागे घेत होता. त्या बाईची वर उचललेली हनुवटी पाहून दुफीचं काळीजच हललं. हीच ती! सुरणांच्या राशीआड उभी राहून तिनं भराभर चेहरा कागदावर उतरवून घेतला. नाव मात्र विचारलं नाही. इतकी वर्षं शहरात काढलेली पोर, तिला काय माहीत कोण कुणाची कोण!

चित्र लावायच्या दिवशी दरबार खच्चून भरला. राणीआई अफ्राकोमा उंच आसनावर बसल्या होत्या. दरबारात राणीआई लोकांशी थेट बोलत नाहीत. त्या हळू बोलतात, आणि सोनेरी मुठीची काठी घेऊन शेजारी उभे असलेले बोआदुकाका ते गोड करून मोठ्यानं सांगतात. काकांनी सांगेपर्यंत राणीआई बोलल्याच नाहीत असं सगळ्यांनी धरायचं.

आधी चित्रावरचं कापड काढायचं, राणीआईंनी मान हलवायची, मग जमिनीवर जिन नावाची दारू ओतून पूर्वजाला बोलवायचं, असं ठरलं होतं. पण बाटलीतली उरलेली जिन काकांची असते. त्यांना कुठला धीर! त्यांनी आधीच धार धरली. "ये, सार्पोमा! ये आणि ह्या चित्रात बस!"

मग दुफीनं कापड ओढलं.

आणि मागून एक बाई किंचाळली, "अगं बया! ही तर आपली बिरागो!"

नाव ऐकताच दुफीच्या सगळं ध्यानात आलं. बिरागो म्हणजे राणीआईंची सख्खी मावसबहीण. राणीआईची गादी रिकामी झाली तेव्हा दोघींची नावं पुढे होती. बिरागो फार बोलते म्हणून वडीलधाऱ्यांनी अफ्राकोमाला निवडलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. राणीआईंच्या घरी मासासुद्धा शेजारच्या गावाहून येतो!

"झाका ते थोबाड!" राणीआई दात खाऊन म्हणाल्या.

"राणीआई म्हणतात," काका घोषणा करत बोलले, "हे तेज डोळ्यांना सोसवत नाही. जरा वेळ झाकावं."

"जरा वेळ नाही! चुलीत घाला!"

"राणीआई म्हणतात, चित्राला ऊब हवी."

एक म्हातारा उठला. "चुलीत कसं घालणार? बोलावणं झालंय. सार्पोमा येऊन बसली त्यात. आता पूर्वजाला ऊठ म्हणून कोण सांगणार?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी बाटलीकडे पाहिलं.

राणीआईंचे पाय कधी उघड्या जमिनीला लागू द्यायचे नसतात. वहाणा उतरवायच्या त्या फक्त पूर्वजांपुढे. "म्हणजे दर सणाला मी ह्या मासेवालीपुढे अनवाणी उभी राहू?" त्या म्हणाल्या. हे मात्र काकांना काही केल्या गोड करता येईना.

तेवढ्यात बिरागोच आली, बाजारातल्या बायकांची फौज घेऊन. चुगली पोचली होती. कमरेवर हात ठेवून तिनं चित्र न्याहाळलं आणि ती फिस्सकन हसली. "नाक जरा मोठंच काढलंस गं, पोरी!"

दरबारात हशा पिकला. "बिरागो भिंतीवर चढली!" "बिरागो, आता मासे कोण विकणार?"

बिरागोचं हसू हळूहळू मावळलं. "गप बसा सगळे! पोरी, उतरव हे."

"का, मावशी? चांगलं नाही झालं?"

"झालंय की चांगलं! पण आल्यापासून ऐकतेय, बिरागो, बिरागो. जिच्यासाठी एवढा खटाटोप केलास, तिचं नाव घेतलं कुणी? एकदा गाळलंत बिचारीला, आता माझ्या तोंडाखाली पुरा!"

खरंच होतं ते. एवढं राबून आपणच सार्पोमाला पुन्हा पुसलं, ह्या विचारानं दुफीला रडू आवरेना. तिनं कापड उचललं.

"थांब."

हे काका बोलले नव्हते. राणीआईंनी स्वतः, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं. काका गडबडले. "राणीआई म्हणतात—"

"तुम्ही बसा, बोआदु."

त्या आसनावरून उतरल्या, चित्रापुढे आल्या आणि बिरागोकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही हं हे."

"कळतंय गं मला. काढ वहाणा."

राणीआईंनी वहाणा उतरवल्या. गार फरशीवर पाय टेकवले आणि मान वर करून हाक दिली, "राणी सार्पोमा!"

गादीवरच्या माणसानं पूर्वजाचं नाव घेतलं की सगळ्या दरबारानं ते म्हणायचं असतं. पळपुट्यांच्या वंशजांनाही म्हणावंच लागलं. बिरागोनं तर अशी आरोळी ठोकली की पत्रे दणाणले. दुफीनंही ते नाव घेतलं आणि हातातलं कापड खाली टाकलं.