नंबर एकशे सत्तेचाळीस

छबूबाईनं पांढरी रेघ ओलांडली आणि ती तशीच पुढं पळत राहिली, कारण थांबा असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वीसेक पावलांवर कासोटा सावरत तिनं मागं पाहिलं. दुसरी बाई अजून वळणावरच होती. पन्नाशीपुढच्या बायकांची पंधराशे मीटरची शर्यत तिनं चक्क मारली होती.

"मैदान मारलंस की गं!" कठड्यावर ओणवा झालेला तिचा नवरा आश्रुबा ओरडला. त्याच्या छातीवर कागदी नंबर होता, १४७. तिच्याही छातीवर १४७च.

परभणीत ज्येष्ठांच्या जिल्हा स्पर्धा दरसाल व्हायच्या. निकाल मात्र कधी आठ दिवसांनी लागायचा, कधी महिन्यानं, कधी लागायचाच नाही. यंदा संगणकावर बसलेल्या सविताताईंनी सकाळीच भोंग्यावरून सांगून टाकलं होतं की, शर्यत संपली की दहा मिनिटांत निकाल मोबाइलवर, नावासकट आणि वेळेसकट. ते ऐकल्यापासून छबूबाईच्या जिवाला थारा नव्हता. तिची पंकजा नवऱ्याबरोबर ऊसतोडीला सांगलीकडं गेलेली. दुपारी भाकरीला बसल्यावर अख्खी टोळी मोबाइलवर निकाल बघणार होती.

सविताताईंनी शब्द पाळला. नवव्या मिनिटाला मांडवातल्या पडद्यावर निकाल झळकला, आणि माणसं फिदीफिदी हसायला लागली. छबूबाईला वाचायला यायचं, पण सावकाश. तिनं एकेक अक्षर लावलं. महिला, पन्नास वर्षांवरील. प्रथम: आश्रुबा लिंबाजी तिडके.

"आता गं बया!"

"काका, लुगडं कधी नेसलात?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

सविताताईंचा चेहरा उतरला. "नंबर टाकला की नाव आपोआप येतं. मावशी, तुमची नोंद कुठंय?"

"हीच की," आश्रुबानं छातीवर थाप मारली. "सेलूच्या दुकानात फारम भरायलो, तवा दुकानदारानं इचारलं, किती नोंदी? म्हनलं, एक. नवरा-बायको मिळून एकच कोयता असतोय न्हवं?"

"आन् पाकिटात दोन नंबर निघाले," छबूबाई म्हणाली. "एक ह्यांनी लावला, एक म्या."

"अहो, ते एकाच माणसाचे! एक छातीला, एक पाठीला!"

त्या दोघांचं तरी काय चुकलं? टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि जोडपं म्हणजे एक कोयता. अठरा हंगाम मुकादमानं हाक मारली ती 'आश्रुबाचा कोयता' म्हणून. तोड सोडून दोन वर्षं झाली, तरी सवय अंगात मुरलेली.

मुख्य पंच दिनकरराव उठून आले. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का. "एका नंबरावर एकच खेळाडू. नवी नोंद आता होत नाही. नंबर बाईंच्या नावावर केला, तर पुढची पुरुषांची शर्यत तुम्हाला पळता येणार नाही. तुमच्या नावावर ठेवला, तर बाईंचा निकाल रद्द. हरकतीची वेळ संपायच्या आत काय ते ठरवा."

आश्रुबानं छातीवरचा नंबर चाचपला. पळण्याचं खूळ मुळात त्याचं. गावच्या, वालूरच्या शिवारात चार महिने तो पहाटे पळत होता. कुत्री अंगावर येतात म्हणून छबूबाई काठी घेऊन त्याच्या मागं पळायला लागली, आणि पंधरा दिवसांत त्याच्या पुढं गेली. पण स्वप्न त्याचं होतं. शर्यतीसाठी त्यानं नवे बूट घेतले होते, आणि कालपासून ते तीनदा पुसले होते.

'राहू द्या, तुमी पळा,' हे शब्द छबूबाईच्या ओठांवर आलेच होते. आजवर तिनं तेच म्हटलं होतं. तिनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

"माझं नाव पायजे," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. "म्या पळलेय. तितं माझं नाव पायजे. पंकी बघनार हाय."

आश्रुबा तिच्याकडं बघतच राहिला. एवढ्या वर्षांत तिनं काही मागितल्याचं त्याला आठवेना. मग मान खाली घालून त्यानं छातीवरच्या टाचण्या काढल्या आणि नंबर टेबलावर ठेवला.

"लिवा, ताई. छबूबाई."

"पूर्ण नाव?"

"छबूबाई आश्रुबा तिडके. माझं मदी आलं, तेवढं बास."

दोन मिनिटांत निकाल बदलला. प्रथम: छबूबाई आश्रुबा तिडके. सहा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. छबूबाईला रडू आवरेना, आणि तिनं ते आवरलंही नाही. जिल्ह्यात पहिली आली म्हणजे आता राज्य स्पर्धेला जायचं, असं सविताताई सांगत होत्या. तेवढ्यात फोन वाजला.

"आये!" पलीकडं पंकजा होती, आणि तिच्यामागं नुसता कल्ला. "ऐक, ऐक! सगळी टोळी छबूबाई, छबूबाई म्हनून वरडायलीय!"

फोन ठेवून तिनं डोळे पुसले, तर शेजारी आश्रुबा नव्हता. मैदानावर पुरुषांची शर्यत सुटली होती. आणि कठड्याच्या बाहेरून, धुळीतून, चहावाल्याला आणि लावलेल्या मोटारसायकलींना वळसे घालत, तिचा नवरा पळत होता. त्याच्या छातीवर नंबर नव्हता. त्याची वेळ कुणी नोंदवणार नव्हतं.

छबूबाई कठड्याला खेटून उभी राहिली आणि एकेक फेरी बोटावर मोजत गेली. पापणीसुद्धा लवू दिली नाही.

शेवटी रेघेच्या समोर येऊन त्यानं कठडा धरला. बूट धुळीनं माखले होते. "कितवा?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"चौथे."

"तिसरा असंन की गं."

"चौथे. म्या नीट बघितलंय." मग जरा थांबून ती म्हणाली, "पर बाहीरला घेर लय मोठा हाय."

आश्रुबा घामेजल्या तोंडानं हसला. "सांग मंग पंकीला."

तिनं फोन आधीच लावला होता.